मडके कोणी बांधले?

आमच्या घरी घट बसतात. त्यामुळे आश्विन महिन्याच्या तोंडावर कुंभाराकडे एक फेरी ठरलेली, आणि ती माझ्याकडेच असते. 2023 साली मी धाकट्या मुलीला बरोबर घेऊन गेलो आणि घटाबरोबर आणखी एक मडके घेऊन आलो. नारळाएवढे, तोंडावर झाकण आणि पोटाला मोठे लिंबू आत जाईल एवढे भोक. कुंभाराने न विचारताच ओळखले. "पाखरांसाठी न्हवं, गुरुजी?" म्हणाला आणि आतून पुसून, बोटाने टिचकी मारून त्याने ते माझ्या हातात दिले. घटस्थापनेच्या दिवशी एका मडक्याभोवती घरातल्या बायकांनी माती पसरून धान्य पेरले आणि दुसरे मी पिंजऱ्यात तारेने टांगले. पहिल्याभोवती काय उगवणार हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्याचा मी फारसा विचार केला नव्हता.

पिंजरा आमच्याकडे आला तो शेजारच्या बदली झालेल्या एका कुटुंबाकडून. गाडीत सामान मावेना, म्हणून त्यांनी पाखरांची एक जोडी आमच्या ओसरीवर ठेवली. "दिवाळीला येऊन घेऊन जाऊ" असे म्हणाले आणि अशा बोलण्याचे जे होते तेच झाले. नर हिरवा, मादी आकाशी. आमच्या मिरजेत काय किंवा आणखी कुठे काय, लोक या पाखरांना लव्हबर्ड म्हणतात. ते नाव खरे म्हणजे दुसऱ्याच एका आफ्रिकी पोपटाचे आहे. ही आमची जोडी बजरीगरांची, म्हणजे बजींची. मूळ घर ऑस्ट्रेलिया. तिथल्या कोरड्या माळरानांवर यांचे थवेच्या थवे पावसाच्या मागावर हिंडतात. पाऊस पडून गवताला दाणा धरला की निलगिरीच्या जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. 1840 साली जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने काही जिवंत पाखरे इंग्लंडला नेली आणि त्यानंतर दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यांत त्यांचा वंश वाढू लागला. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. आकाशी, पांढरे, जांभळट हे सगळे रंग माणसाने पिंजऱ्यात निवडून निवडून जोपासले. तेव्हा आमची आकाशी मादी ही पिंजऱ्याची लेक आणि पिंजऱ्याचीच पणती-खापरपणती. तिला मोकळे सोडा असा सल्ला देणारे सज्जन पुष्कळ भेटतात. आमच्या गल्लीत एकाने तसे केलेही. पाखरू समोरच्या तारेवर जाऊन बसले, इकडेतिकडे पाहिले, आणि पाच मिनिटांत कावळ्यांनी त्याला घेरले. सोडणाऱ्याला मात्र पुण्य लागले असावे, कारण तो दिवसभर प्रसन्न होता.

कायद्याचेही सांगून टाकतो, म्हणजे वाचकांच्या मनात शंका नको. आपला देशी पोपट पाळणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बजी परदेशी, म्हणून त्याला ती आडकाठी नाही. 2015 साली दिल्ली उच्च न्यायालयाने पाखरांनाही आकाशात उडण्याचा हक्क आहे असे म्हटले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मी कोर्टाची पायरी चढणारा माणूस नव्हे. पण तेव्हा ती बातमी वाचली होती आणि विसरून गेलो होतो. पिंजरा ओसरीवर आल्यावर ती पुन्हा आठवली.

मडके टांगताना आई एवढेच म्हणाली, "अरे, दोघं आहेत तोवर ठीक आहे. संसार मांडून देतोयस, मग पुढचं सगळं तुझ्या गळ्यात हो!" मी हसलो. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही; एका लहानशा खासगी शाळेत मास्तरकी करतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. संसार मांडून देणे हा माझा धंदाच. माझ्या कादंबऱ्यांतून आजवर सात माणसे मी मारली आहेत, त्यांतले एक तर ऐन बाळंतपणात, आणि एकदाही माझा हात थरथरला नाही. त्या दिवशी मला वाटले, पाखरांच्या संसारात एवढे काय कठीण असणार?

मादी दोन दिवस मडक्याभोवती फिरली. आत डोकावे, बाहेर येई, पुन्हा डोकावे, भाड्याची खोली पाहायला आलेल्या बाईसारखी. मग आत शिरली आणि भोकाच्या कडा कुरतडू लागली. तिच्या चोचीवरचा मेणासारखा भाग गडद तपकिरी झाला. माजावर आलेल्या मादीची ती खूण. नराचा तोच भाग निळा असतो. दसऱ्याच्या सकाळी पहिले अंडे दिसले. आमची धाकटी आपट्याचे पान घेऊन पिंजऱ्यापाशी गेली आणि आधी पाखरांना सोने दिले, मग आजीला. त्यानंतर एक दिवसाआड एक, अशी पाच अंडी झाली. मादी बाहेर येईनाशी झाली. नर राळे खाई आणि भोकाशी येऊन तिला भरवी. सहासात दिवसांनी मादी जरा बाहेर आली तेव्हा आम्ही विजेरी अंड्यामागे धरली. आत तांबड्या रेषांचे एक जाळे दिसले आणि मध्ये काहीतरी हलले. माझ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मी अठरा वर्षे शाळेत शिकवतो आहे. पण एवढा चांगला तास मी कधी घेतलेला नाही, आणि हाही मी घेतला नव्हताच.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मोजून अठराव्या दिवशी, मडक्यातून बारीक टिकटिक ऐकू आली. झाकण उचलून पाहिले. उघडे, आंधळे, गुलाबी, माझ्या करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. वजन असेल दोनएक ग्रॅम. ते पाठीवर पडले होते आणि मान थरथरत वर उचलत होते. ही पिले पाठीवर पडूनच जेवतात. आई त्यांच्या चोचीत पोटातला एक दुधासारखा रस उतरवते. तो रस आईच्या पोटातच तयार होतो. बाहेर कोणालाही तो करता येत नाही. हे वाक्य मी तेव्हा एका पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मला आठ दिवसांनी कळला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीतली मुले सुतळी बॉम्ब लावत होती. पिंजरा मी आतल्या खोलीत आणून ठेवला होता, दारे लावली होती. तरी एक बॉम्ब आमच्या जोत्याला लागूनच फुटला आणि मडक्यातून मादी एखाद्या गोळीसारखी बाहेर आली. अंधारात ती गजांवर आपटत राहिली. ही पाखरे रात्री भ्याली की त्यांना मडक्याचे भोकही सापडत नाही. मी बाहेर गेलो. मुले माझ्याच वर्गातली. "सर, आज लक्ष्मीपूजन आहे!" असे एकाने हसून सांगितले. त्यांना मी काय म्हणणार होतो? त्यांच्या वयाचा असताना मी याच जोत्यावर डबा पालथा घालून त्याखाली बॉम्ब लावलेले आहेत. शिवाय एका मडक्यासाठी गल्लीने दिवाळी बंद करावी हे मागणे मला माझ्याच तोंडी शोभेना. मडके मी बांधले होते, त्यांनी नव्हे. मी फक्त म्हणालो, "आत एक दिवसाचं पिलू आहे रे." मुले गप्प झाली. एकाने विचारले, "बघू का?" आणि उरलेले फटाके घेऊन ती गल्लीच्या पलीकडच्या टोकाला गेली. बॉम्ब लावणारा जो मुख्य होता तो आत येऊन माझ्यासाठी विजेरी धरून उभा राहिला.

पिलू गार पडले होते. हलत नव्हते. मी ते दोन्ही तळव्यांत धरून तोंडाची वाफ देत बसलो. बायकोने गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आणली. वीसएक मिनिटांनी एक पाय ताणला गेला, अगदी झोपेतून जागे होणाऱ्या माणसाचा ताणला जातो तसा. मुलाने "आहे, सर, आहे!" असे इतक्या मोठ्याने म्हटले की मादी पुन्हा बिचकली. मग झिरोचा दिवा लावून आम्ही सगळे दूर सरलो आणि ती आपोआप मडक्यात गेली.

त्या रात्री मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. मी पूजेपुढे बसलो तेव्हा लक्ष्मीकडे काही मागावे असेही वाटले नाही. पण आज मागे वळून पाहताना वाटते, माझी पुढची चूक त्या आनंदातच होती. एक जीव हातून वाचला की हातांना चटक लागते.

पुढची अंडी एकेक दिवस सोडून फुटली. पाचवे फुटले तेव्हा थोरल्याला आठ दिवस झाले होते. हे या पाखरांच्या संसारातले मोठे विचित्र प्रकरण आहे. आई पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे भावंडे एका वेळी जन्मत नाहीत. थोरल्याच्या अंगावर पिसांचे खुंट डोकावू लागतात तेव्हा धाकटे मांसाचा गोळा असते, आणि थोरले निर्दयपणाने नव्हे पण जागेच्या टंचाईने त्याच्यावर बसते. आमच्या वडिलांच्या वेळच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

पाचवे जन्मले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी झाकण उचलले. बाकी चौघांच्या गळ्याखालच्या पिशव्या भरलेल्या. कातडीतून आतले दाणेसुद्धा मोजता येत होते. पाचव्याची पिशवी चपटी. ते थोरल्याच्या पायाखाली होते आणि त्याची मान वर येण्याचा प्रयत्न करून खाली पडत होती. मी तासाभराने पुन्हा पाहिले. तसेच. मग मात्र मला राहवेना. मुलगी शेजारी उभी होती. तिने काही म्हटले नाही, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले होते त्याच नजरेने पाहत होती.

मी पिलू बाहेर काढले. राळ्याचे पीठ शिजवून, गाळून, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक घोटून पातळ पेज केली. चमच्याच्या कडा पक्कडने वळवून त्याची पन्हळ केली. पेज कोमट असावी, तापलेल्या अंगापेक्षाही किंचित गरम, हे मला माहीत होते. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिला. परंतु थंडीचे दिवस, खिडकी उघडी, आणि माझा हात हळू. पहिला थेंब आत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला पिलाने मान झटकली आणि त्याच्या नाकाशी एक बुडबुडा आला. घास श्वासाच्या वाटेने गेला होता. मी ते पालथे केले, फुंकर घातली, जे जे सुचले ते केले. थेंबाएवढ्या जिवाला मरायला किती वेळ लागणार?

मुलीने विचारले, "बाबा, ते मेलं की आपण मारलं?"

'तुम्ही' मारले असे तिने म्हटले नाही. 'आपण' म्हणाली. मला त्या एका शब्दाने जेवढे लाजवले तेवढे दुसऱ्या कशाने लाजवले नसते.

त्या आठवड्यात मी हा प्रश्न घेऊन चार ठिकाणी हिंडलो. शाळेतले विज्ञानाचे सहकारी म्हणाले, "अहो, पाचांतलं एक जायचंच. निसर्गाचा हिशेब आहे." नात्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, त्याचे आयुष्य तेवढेच होते. बायकोने मला दोष दिला नाही आणि मला तेही आवडले नाही. आईने काहीच न बोलता तुळशीच्या बुडाशी बोटाने माती उकरली.

निसर्गाचे उत्तर मला आधी फार सोयीचे वाटले. ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या ढोलीत पाचवे पिलू मेले असते तर त्याचा जाब कोणाला विचारता आला असता? तिथे आधी पाऊस पडतो, मग गवत, मग दाणा, मग घरटे. कोणी ठरवलेले नसते. पण आमच्या ओसरीवर पाऊस कोणी पाडला? रोज सकाळी वाटीत राळे मी ओततो. नवरात्रात मोड आलेले धान्य, कोथिंबीर, समुद्रफेनाचा तुकडा हे सगळे मीच ठेवले. अशाने मादी माजावर येते हे वाचून ठेवले. ढोलही मीच चाळीस रुपयांना विकत आणली. इतके सगळे आपण करायचे आणि पाचव्या पिलाच्या वेळी हात झटकून निसर्गाकडे बोट दाखवायचे, हे म्हणजे लग्नाचा मांडव घालून, अक्षता टाकून, जेवणाच्या वेळी 'यजमान कोण आहेत हो?' असे विचारण्यासारखे झाले.

शाळेत आम्ही सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट सांगतो. देवदत्ताने हंसाला बाण मारला, सिद्धार्थाने बाण काढला, आणि हंस कोणाचा असा वाद राजसभेत गेला. मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा असा निवाडा झाला. ही गोष्ट मी किती वर्षे सांगत आलो आहे! पण तो हंस आकाशातून आला होता. त्याला कोणी आपल्या अंगणात जन्माला घातले नव्हते. तसे असते तर राजसभेत तिसरा एक मनुष्य उभा राहिला असता, आणि हक्क सांगायला नव्हे, हिशेब द्यायला. त्या तिसऱ्याविषयी गोष्ट काही बोलत नाही. मीही कधी विचारले नव्हते.

मग मी एका पशुवैद्यांना गाठले. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. अंड्यातून बाहेर येताना पिलू बलकाचा थोडा शिधा पोटात घेऊनच येते, त्यामुळे पहिले काही तास पिशवी रिकामी दिसली तरी घाबरायचे नसते. माझ्या पिलाला दुसरी संध्याकाळ झाली होती. तेव्हा ते उपाशी होते की नव्हते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. दुसरी गोष्ट अशी. ते म्हणाले, "गुरुजी, काढायचंच होतं तर थोरल्याला काढायचं. आठ दिवसांचं पिलू चमच्यानं घेतं, सोसतं. ते दोघं मोठे तासभर बाहेर ठेवले असते तर धाकट्याला आईजवळ जागा झाली असती. त्याला लागतं ते तिच्याच पोटात होतं."

मी तिथून घरी चालत आलो. सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना कोणीतरी तार जुळवत होते. वरच्या सुराला जाऊन पुन्हा उतरायचे, पुन्हा चढायचे. मी उगाच उभा राहिलो.

मला आमच्या शाळेचा व्हरांडा आठवत होता. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एक उपक्रम केला होता आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले होते. वर्गातली जी मुले वाचनात मागे, त्यांना मी वर्गातून उठवून बाहेरच्या बाकावर बसवत असे आणि मधल्या सुट्टीच्या आधी अर्धा तास त्यांना वेगळे शिकवत असे. हेतू चांगलाच होता. चार मुले होती, त्यांतली तीन जेमतेम वाचू लागली. चौथा हळूहळू यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने सांगितले, "बाहेरच्या बाकाला पोरं ढब्बूंचा बाक म्हणत्यात, गुरुजी." तो पुढे एका गॅरेजात लागला. कधी रस्त्यात भेटतो, हात वर करतो. त्याचा हात वर झाला की माझी नजर खाली जाते. हुशार मुलांना अर्धा तास वाचनालयात पाठवून मी त्या चौघांबरोबर वर्गातच, त्यांच्या हक्काच्या बाकांवर बसलो असतो तर? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो पाडायला एक दोन ग्रॅमचा जीव यावा लागला, ही माझ्या मास्तरकीची किंमत.

दया आली की नजर थेट सर्वांत दुबळ्यावर जाते आणि हात त्यालाच उचलतो. तिथे माझी दया खोटी नव्हती. पण तिला घाई होती, आणि तिच्यात स्वतःला पाहण्याची हौसही थोडी होती. थोरल्या पिलाला बाहेर काढून भरवण्यात कोणते नाट्य होते? माझ्या मुलीने त्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते? मी कादंबरीकार आहे, मला प्रसंग हवा असतो.

आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली आणि मग स्वतः पाहिली. अभ्यासकांनी या पाखरांच्या घरट्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवून लिहिले आहे की मादी भरवताना धाकट्यांना झुकते माप देते, आणि नर जो जास्त ओरडेल त्याच्या चोचीत घास घालतो. आमच्या मडक्यातही पुढे तसेच चालले होते. मादी आत शिरली की गर्दीत मान खाली घालून कोपऱ्यातल्या चौथ्याला शोधी. नर भोकाशी येई आणि जी चोच सर्वांत पुढे, सर्वांत मोठ्या आवाजाची, तिच्यात दाणे उतरवून मोकळा होई. मी त्याच्याकडे पाहून हसलो नाही. वर्गात मी प्रश्न विचारतो आणि जो हात सर्वांत उंच असतो त्याला बोलू देतो.

चारही पिले वाचली. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडले, तीन आठवड्यांत पिसे भरली, आणि महिना-पाच आठवड्यांनी एकेक करून ती मडक्याच्या भोकात येऊन बसू लागली. बाहेर आल्यावरही आठवडाभर बाप त्यांच्या मागे लागून भरवत होता. दोन हिरवी, एक आकाशी, आणि जे लक्ष्मीपूजनाच्या रात्री गार पडले होते ते थोरले, तेही आकाशीच, कपाळावर बारीक रेघा असलेले. पिंजरा लहान पडू लागला. दुकानदार जोडीला चांगला भाव द्यायला तयार होता. त्याच्या दुकानात एकेका पिंजऱ्यात तीस-तीस पाखरे पाहिली आणि मी परत आलो. शेवटी दोन आमच्याकडे ठेवली, दोन ओळखीच्या घरी दिली. पैसे घेतले नाहीत; पण पैसे न घेतल्याने जबाबदारी कमी होते की वाढते हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या मुलीने नेणाऱ्यांना दाराशी उभे करून एकच प्रश्न विचारला: "तुम्ही मडकं बांधणार का?" ते हसले. ती हसली नाही.

मडके मी काढून टाकले. मला वाटले, प्रश्न मिटला. परंतु मडके गेल्यावर मादी महिनाभर पिंजऱ्याचे कोपरे कुरतडत होती. वाटीत बसे, वाटी उपडी करी. मोकळी सोडली की माझ्या टेबलावर तपासायला आणलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे शिरे आणि कोपरे कातरी. एका मुलाचा 'माझा आवडता पक्षी' हा निबंध तिने अर्धा खाऊन टाकला, त्याला मी पूर्ण गुण दिले. एकदा तिने मडक्याशिवायच पिंजऱ्याच्या तळाशी अंडे घातले. ते फुटले. मी ते गोळा करीत असताना ती दांडीवरून पाहत होती. तिच्या मनात काय होते हे मी सांगणार नाही. कादंबरीत सांगितले असते. पण दुसऱ्याचा संसार मांडून देणे हा जसा माझा निर्णय होता तसा मोडून टाकणे हाही माझाच, आणि तिला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही, एवढे मात्र मला तिथे बसल्या बसल्या कळले. आईला मी हे बोलून दाखवले तेव्हा ती गहू निवडत होती. म्हणाली, "तेव्हाच म्हटलं नव्हतं का, पुढचं सगळं तुझ्या गळ्यात?" आणि थोड्या वेळाने, "तुझ्या वेळेला मलाही कोणी विचारलं नव्हतं हो."

यंदाही घटासाठी कुंभाराकडे जायचे आहे. मुलगी आता मोठी झाली, तिला बरोबर येण्याची हौस राहिलेली नाही. तरी परवा तिने विचारले, "बाबा, दुसरं मडकं आणणार का?" मी म्हटले, "तुला काय वाटतं?" ती पिंजऱ्याकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आणलं तर दोन आणा. म्हणजे थोरल्यांना ठेवायला एक होईल."

जुने मडके माळ्यावर आहे. काल खाली काढून धुऊन उन्हात ठेवले आहे. कुठे तडा गेला आहे का ते आधी पाहायला हवे.